दोन याद्या

त्या चिमुकल्या युरोपीय संस्थानात मंत्रिमंडळाची बैठक नावांनी सुरू होई. आठवड्यात जन्मलेल्यांची नावं बसून ऐकायची, गेलेल्यांची उभं राहून.

आरोग्यमंत्री हेडविगने चष्मा पुसला. चार महिन्यांपूर्वी मित्रपक्ष अडून बसला, तेव्हा सरकार तगावं म्हणून तिनेच देशातलं एकुलतं एक प्रसूतिगृह बंद केलं होतं. आता बाळंतपणाला नदीपलीकडच्या देशात जावं लागे.

"आज एकच. मार्लीस. माझ्या लेकीची लेक. पहाटे, पुलावर, रुग्णवाहिकेत."

मित्रपक्षाच्या उपपंतप्रधानांनी हौसेने टेबल वाजवलं. "अभिनंदन, आजीबाई! पुलावर का होईना, जन्मली आपल्याच हद्दीत!"

हेडविगने पान उलटलं आणि ती उठून उभी राहिली. एकेक करत सगळे उठले.

"मार्लीस," तिने वाचलं. "वय अकरा मिनिटं."