चार बोटं सैल

ओढून पाहिली, तर बोटभरसुद्धा दोरी हाती येईना.

बाज विणणाऱ्यानं पायथ्याशी उकिडवं बसून पुन्हा जोर लावला. ताणाची दोरी मागच्या आठवड्यात बांधली होती तशीच, टणक. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तो दारात गेला आणि अंगणात उन्हाला बसवलेल्या बायकोला ओरडून म्हणाला, "अगं ए, ऐकलंस का! आज एक बोटसुद्धा नाही. मुरली एकदाची दोरी!"

खुर्चीत दोन गोधड्यांमध्ये गुंडाळलेल्या बायकोनं नुसतं आपल्या मनगटाकडे पाहिलं. थकली असेल, असं त्याला वाटलं.

पस्तीस वर्षं त्यानं गावाला बाजांवर निजवलं, स्वतःच्या घरात मात्र चटईच. "लोकांना बाजा आणि आम्हाला जमीन," बायको म्हणायची, आणि तो म्हणायचा, करू गं, करू. ती अंथरुणाला खिळली तेव्हा कुठे मुहूर्त लागला. दोरी त्यानं स्वतः वळली, डबल पिळाची. आख्ख्या बाजेत गाठ म्हणून दिसू दिली नाही. बायको पडल्या पडल्या बघत होती. "आता हात चालायला लागले होय?" म्हणाली, आणि हसली. तेव्हा ती अजून हसत होती.

दर आठ दिवसांनी मुलगी आईला उचलून अंगणात नेई, आणि तेवढ्या वेळात तो पायथ्याची दोरी ओढून घेई. पहिल्या आठवड्यात चार बोटं सैल निघाली. पुढे तीन, मग दोन. "नवी दोरी अशीच असते," तो मुलीला समजावून सांगे. "माणसाच्या वजनानं सैल पडते, आपण ओढायची, पुन्हा पडते. मग हळूहळू मुरते." हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आला होता आणि ते कधी खोटं ठरलं नव्हतं.

आईला उचलायला मुलगी त्याला हात लावू देत नसे. "बाबा, तुम्ही कंबर सांभाळा." ती एकटीच उचलायची, कडेवर मूल घ्यावं तशी. पोरगी आपल्यावर गेली आहे, दणकट आहे, असं म्हणून त्याला त्याचंही कौतुक.

डॉक्टर महिन्यातून एकदा येऊन जायचे. तिला दवाखान्यातल्या काट्यापर्यंत न्यायची सोय नव्हती, म्हणून ते म्हणाले होते, "वजनावर लक्ष ठेवा. टिकलं तर माणूस टिकेल. उतरत गेलं, तर माझ्याही हातात काही नाही." बायकोनंही ते ऐकलं होतं. तिचे कान शाबूत होते.

मुलगी आईचं डोकं धूत होती. अजून अर्धा तास तरी लागणार. विणणारा रिकाम्या बाजेकडे पाहत उभा राहिला. आपल्या हातची इतकी चांगली बाज, आणि आपण तिच्यावर एकदाही पाठ टेकली नाही. तो हळूच आडवा झाला. दोरी कुरकुरली आणि पाठीखाली बेताची खाली गेली. त्याचा डोळा लागला.

बाहेर बादली वाजली तसा तो दचकून उठला. सवयीनं पायथ्याशी बसला, दोरी धरली, ओढली.

चार बोटं.

त्यानं पुन्हा मोजली. तो काही पैलवान नव्हता. चार हाडं आणि वर कातडं, असा माणूस. अर्ध्या तासात त्याच्या वजनानं चार बोटं दिली होती. दोरी मुरली नव्हती. दोरी नवीकोरी होती.

चार, तीन, दोन, आणि आज एकही नाही. दर आठवड्याला स्वतःच्या बोटांनी मोजत होता तो, आणि दर आठवड्याला दारात जाऊन तिला आनंदानं ओरडून सांगत होता. तिला कळत होतं. पहिल्यापासून कळत होतं. आयुष्यभर दोरी ताणायची विद्या शिकला, ती आज कुठल्या कामाची? त्याला रडायचं होतं, पण मुलीची पावलं दारात आली. ताण ओढून घ्यायलाही वेळ उरला नाही.

मुलीनं आईला बाजेवर ठेवलं. बायको क्षणभर तशीच पडून राहिली. मग तिनं पाठीखाली हात घालून वीण चाचपली.

"अहो," ती म्हणाली. "सैल लागतेय."

तो तिच्या अंगावरची गोधडी सारखी करू लागला.

"मघाशी तर म्हणालात, एक बोटसुद्धा नाही. नीट बघा बरं."

त्यानं पायथ्याशी वाकून दोरी धरली. तोंड खाली होतं ते बरंच झालं. "चुकलंच माझं," तो म्हणाला. "चार बोटं आहे."

"चार?" तिनं मान उचलायचा प्रयत्न केला. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर काहीतरी उजळलं. "अगं, ऐकलंस का? चार म्हणतायत. पेज अंगी लागतेय म्हणायची माझ्या!"

मुलीनं बापाकडे पाहिलं. बापानं दोरी ओढून गाठ मारली.

त्यानंतर ती होती तोवर, दर आठवड्याला ती उन्हात गेली की तो दार लोटून घ्यायचा, आणि छातीवर दोन विटा घेऊन तिच्या बाजेवर आडवा व्हायचा.