निवडीची कुस्ती

कुवेतमधल्या कॉलेजचा कुस्तीसंघ नव्या लीगमध्ये गेला. तिथं एका वजनात एकच पैलवान. कोचही नवा आला, जॉर्जियाचा. खेडचे अन्वर वस्ताद गळ्यातली शिट्टी त्याच्या हाती देऊन निवडीची कुस्ती बघायला भिंतीशी बसले. एकीकडे त्यांनी घडवलेला नदीम, दुसरीकडे इजिप्तचा हानी. "हरलास तर जलीब भागातल्या दुकानात बापाबरोबर कांदे तोल," वस्ताद नदीमला म्हणाले. कुस्ती लागली. नदीमनं हानीला खाली घेतलं. पाठ गादीला लागणारच होती, तेवढ्यात हानीचा हात मुरगळताना वस्तादांना दिसला आणि सवयीनं तोंडून निघालं, "सोड." नदीमनं लगेच सोडलं. शिट्टी वाजलीच नव्हती. हानीनं उलटून नदीमलाच चीत केलं. मग वाजली. वस्तादांना काहीच वाटलं नाही. मानेवर शिट्टीची दोरी असायची तिथं एसीची हवा लागत होती. नदीम पडूनच होता. "वस्ताद, उठू का?" "आता कोचना विचार, बेटा."