मधोमध शिक्का

“शिक्का तिकिटाच्या मधोमध पडला पाहिजे, मुलांनो! कडेला पडला, की लबाड माणूस तेच तिकीट पुन्हा वापरतो,” हिलालभाऊ माईकवरून गरजले. दोंडाईच्यातल्या त्या शाळेत ‘ओळख टपालाची’ हा उपक्रम रंगात आला होता. मुलांनी आपापल्या घरी पत्रं लिहिली होती, पाकिटांवर तिकिटं डकवली होती आणि आता टपाल कचेरीतून आलेला खराखुरा शिक्का त्यावर मारायचा होता. ज्याचा शिक्का सर्वांत नीट, त्याला कंपासपेटी. बक्षीस भाऊंकडून. तिकिटंही भाऊंकडूनच, आणि तिकिटांवर फोटोही भाऊंचाच.

पैसे भरले की आपला फोटो तिकिटावर छापून मिळतो, हे कळल्यापासून भाऊंना झोप नव्हती. त्यांना नगरपालिकेत निवडून यायचं होतं. गेल्या खेपेला मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी त्यांचा चेहराच ओळखला नाही. झालं, शेजारच्या फोटोसमोरचं बटण दाबून मोकळ्या! यंदा चेहरा घरोघर जाणार होता, तोही लेकरांच्या हातून. काय डोकं म्हणावं!

पहिला आला राजदीप. त्याने शाई लावली आणि दणकन मारला. शिक्का नेमका नाकावर.

भाऊ दचकले. वाकून हळूच म्हणाले, “अरे बेटा, जरा कडेला मार ना.”

“नाही भाऊ! लबाड माणूस पुन्हा वापरेल,” राजदीप खणखणीत म्हणाला. माईक चालूच होता. वर्गशिक्षिका प्रमिलाबाईंनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. बाईंचं बघून सगळ्या वर्गाने वाजवल्या. भाऊंनाही वाजवाव्या लागल्या.

मग काय विचारता! रांगेला चेव आला. प्राची तर टाचा उंचावून दोन्ही हातांनी शिक्क्यावर रेलली. मिशी गेली, चष्मा गेला, हसूही गेलं. राहिला गोल, गच्च, काळाभोर शिक्का. बाईंनी तिचं पाकीट सगळ्यांना उंच धरून दाखवलं. कंपासपेटी भाऊंनी स्वतःच्या हाताने दिली, आणि बिचारे फोटोसाठी हसलेही.

त्याच आठवड्यात पत्रं घरोघर पोचली. पाठोपाठ प्रचाराला भाऊ मागच्या गल्लीत शिरले. माईकवरची शुद्ध मराठी गल्लीच्या तोंडाशीच सोडून, अहिराणीवर येत त्यांनी प्राचीच्या आजीपुढे, द्रौपदाबाईपुढे, हात जोडले. “अक्का, वळखं का माले?”

म्हातारीने त्यांना खालवर न्याहाळलं. मान हलवली. नाही.

“अक्का, मना फोटो उना ना तुमना घर! पोरना पत्रवर!”

म्हातारी लगबगीने आत गेली आणि देव्हाऱ्याजवळ जपून ठेवलेलं पाकीट घेऊन आली. भाऊंचा जीव भांड्यात पडला. तिने पाकीट त्यांच्या चेहऱ्याशेजारी धरलं. एकदा तिकडे पाहिलं, एकदा इकडे.

“मनी नातले यानंच बक्षीस भेटनं, भाऊ,” ती अभिमानाने म्हणाली. “यामा तू कोठे शेस?”