बातिर शेपटी का हलवतो

“गप्प बसा! ऐकलंत? पुन्हा सुरू झालं,” तेमिरखान म्हणाला.

चहा गार होता म्हणून त्याने चहाची वाटी टेबलावर नुकतीच आदळली होती. त्यावरून बायकोला, कुनसुलूला, चार शब्द सुनवायचे होते, पण ते तोंडातच राहिले. काचेच्या पेटीत बातिरची शेपटी वाळक्या पानांवर थरथरत होती. खर्रर्र.

कझाक भाषेत बातिर म्हणजे वीर. धामणीच्या जातीचा, दोन हात लांब, बिनविषारी. नाव वीराचं आणि छाती उंदराची, असं तेमिरखानच म्हणायचा. पण दोन महिन्यांपासून ही शेपटी दिवसातून तीन-तीनदा वाजू लागली होती.

“धक्का येणार,” तो म्हणाला. “जमिनीच्या पोटातलं सापाला आधी कळतं.”

अल्माटीत या बोलण्याला कोणी हसत नाही. हिवाळ्यात जमीन हलली तेव्हा सगळी इमारत सपाता घालून बर्फात उभी होती. त्यानंतर प्रत्येक घरात दाराशी एक भरलेली बॅग आली होती. तेमिरखानच्या घरात तेवढी नव्हती.

“आजच्या आज बॅग भर.”

“भरते,” कुनसुलू म्हणाली. सहा वर्षांची लेक मेरेय तळलेला बाऊर्साक हातात धरून खुर्चीला चिकटून बसली होती. तिच्याकडे बघत कुनसुलू पुन्हा म्हणाली, “आत्ताच भरते.”

एवढी तत्परता! तेमिरखानच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. संध्याकाळी त्याने बॅग उपसून पाहिली. दोघींचे पासपोर्ट, पोरीचा जन्मदाखला, लोकरीचे कपडे, खोकल्याचं औषध. तळाशी कुनसुलूची फार्मसीची पदविका.

“ही कशाला? नोकरी सोडून पाच वर्षं झाली तुला.”

“घर पडलं तर दोघांनाही कमवावं लागेल ना.”

“आणि माझे कपडे?”

“एका बॅगेत मावत नाहीत. तुमची वेगळी भरीन.”

बोलणं बिनतोड होतं. तरी त्याने बॅगेचे खिसे चाचपून पाहिले.

रविवारी तो प्राण्यांच्या बाजारात वादिमकडे गेला. बातिर त्याच्याकडूनच घेतलेला. वादिमने फोनवरचा व्हिडिओ दोनदा पाहिला आणि कान खाजवला.

“भूकंप-बिकंप काही नाही हो. ही जातच भित्री. घाबरली की शेपटी वाजवते, विषारी असल्याचं सोंग आणते. आपण काय बोलतो ते त्याला फारसं कळत नाही, पण हादरा पोटाला बरोबर समजतो. घरात कुठून हादरे बसतात तेवढं शोधा.”

आजारी साप गळ्यात मारून हा आता हात झटकतोय, असं तेमिरखानला वाटलं. पण हादरे म्हटल्यावर वरच्या मजल्यावरचा व्हिक्टर आठवला. त्याला ड्रिलचा फार शौक. तेमिरखान तडक वर गेला आणि त्याने मुठीने दार ठोकून काढलं. व्हिक्टरच्या बायकोने साखळीआडूनच सांगितलं, “ते तीन आठवडे ताराझला आहेत. आणि दार मोडू नका.”

खाली येऊन त्याने आपलं दार धाडकन लावलं. आत शेपटी वाजतच होती.

साप साप म्हणून भुई धोपटणारे पुष्कळ असतात. तेमिरखान भुईच्या भीतीने सापासमोर बसून राहू लागला. दोघींच्या अंगावर छत कोसळतंय असं त्याला स्वप्नात दिसायचं आणि घामाने अंथरूण भिजायचं. बायको-पोरीवर त्याचा जीव होता, यात खोटं काही नाही. म्हणूनच तर कुनसुलू दुकानातून वीस मिनिटं उशिरा आली की तो दारातच उभा असायचा.

एकदा ती मोरीत फोनवर कुजबुजत होती. त्याने दारावर लाथ घातली.

“कोणाशी बोलतेस?”

“आईशी. विचारत होती, धक्का बसला तर कुठे जाशील?”

“मग?”

“म्हटलं, तुझ्याकडेच येणार.”

सासूचं घर शिमकेंतला, बैठं, अंगणवालं. उत्तर शहाणपणाचं होतं. त्याने फोन हिसकावून नंबर तपासला. खरोखर सासूचाच होता.

मग त्याने घड्याळ लावून सराव सुरू केला. शेपटी वाजली की तो ओरडायचा, “बाहेर!” पहिल्या दिवशी दोघींना खाली पोचायला दोन मिनिटं लागली.

“मेल्या असत्या दोघी!” तो गरजला आणि त्याने भिंतीवर अशी मूठ मारली की गिलाव्याचा पोपडा पडला. “उद्या पुन्हा!”

दुसऱ्या दिवशी दीड मिनिट. मग एक. कुनसुलू तक्रार करत नव्हती, उलट लेकीला शिकवत होती. “बाबा ओरडले की मागे बघायचं नाही. माझा हात धरायचा आणि उतरायचं.”

“शाब्बास,” तेमिरखान म्हणायचा. मेरेय मान हलवायची.

शनिवारी सकाळी लापशी करपली. त्याने खुर्ची लाथेने उडवली आणि पुढच्याच क्षणी पेटीत खर्रर्र झालं, कधी नव्हे एवढ्या जोरात.

“बाहेर!”

मेरेयच्या पायांत बूट होतेच. कुनसुलूने बॅग उचलली, पोरीचा हात धरला, जिन्यावर पावलं वाजली आणि खालचं दार लागलं. बत्तीस सेकंद! तेमिरखानला भरून आलं. आता जमीन फाटली तरी या दोघी वाचणार होत्या. त्याने बातिरची पेटी छातीशी धरली आणि चार मजले जपून उतरला.

अंगणात पॉपलरच्या झाडाखाली शेजारच्या राबिगा आपा एकट्याच बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसल्या होत्या.

“आपा, आमच्या दोघी कुठायत?”

“टॅक्सीत बसून गेल्या की. दहा मिनिटं झाली होती गाडी येऊन उभी.”

“गेल्या? कुठे?”

“मला काय माहीत, बाळा. मीही म्हटलं, कुनसुलू, अगं जमीन तर हललीसुद्धा नाही, बॅग घेऊन कुठे पळतेस?” आपांनी साल थुंकलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. “तर म्हणाली, ज्या भूकंपासाठी बॅग भरली होती, तो मागून जिना उतरतोय.”