पेरापेराला मुळं

वेल बुंध्याशीच कापलेली होती. एका घावात, तिरकी.

तिने आधी आजूबाजूला पाहिलं. घरात कुणी उठलं नव्हतं. कापावर तिने माती ओढली, वाळका पाला पसरला आणि हात धुऊन चहाचं आधण ठेवलं.

भोपळा वासराएवढा झाला होता. सगळ्यात जड भोपळ्याच्या स्पर्धेला सतरा दिवस उरले होते. यंदा प्रथमच पहिल्या येणाऱ्याला शेजारच्या शहरातली रोपवाटिका नोकरीवर घेणार होती, राहायला खोलीसकट. वनस्पतिशास्त्राची पदवी फडताळात ठेवून चार वर्षं झाली होती. तिला ती नोकरी हवीच होती. छोटीला घेऊन ती जाईल, नवरा सुट्टीला येत राहील, असं ठरलंही होतं.

"बिनधास्त जा," तो म्हणाला होता. "मी आहे ना." पाण्याच्या बादल्याही तोच भरून द्यायचा.

तिचा संशय पोस्टमनवर होता. तीन वर्षं तोच पहिला येत होता, आणि हल्ली पत्र नसलं तरी कुंपणाशी रेंगाळायचा. पण ती कुणाजवळच काही बोलली नाही. बोभाटा झाला असता, तर सासूबाईंनी भोपळा त्याच दिवशी चिरायला घेतला असता.

शिवाय घाबरायचं कारण नव्हतं. दोन महिने तिने वेलीचं एकेक पेर मातीत दाबलं होतं, आणि पेरापेराला मुळं सुटली होती. फळाजवळची तेवढी मोकळी सोडली होती, फुगताना देठाला ताण बसू नये म्हणून. नको ते फुटवे खुडले होते. एका बुंध्यावाचून अशा वेलीचं काय अडतंय? तिने पेरांचं पाणी तेवढं वाढवलं.

"नवऱ्याला एवढं जपलं असतंस तर त्यानेही अंग धरलं असतं," सासूबाई म्हणाल्या. ती हसली.

स्पर्धेत पोस्टमन अकरा किलोंनी मागे पडला.

"पोटात दुखतंय माझ्या," तो म्हणाला, "पण हात मिळवा, ताई."

तिने त्याच्या डोळ्यांत खोट शोधली. सापडली नाही. जाऊ दे, तिला वाटलं, जिंकलो आपण.

परतताना टेम्पो नवरा चालवत होता. छोटी तिच्या मांडीवर झोपली होती. बऱ्याच वेळाने त्याने तिच्याकडे पाहिलं.

"एक सांगशील?" तो नेहमीच्याच मायेने म्हणाला. "बुंधा कापल्यावरही तो वाढला कसा?"