आईला सांगितलंस?

रसिकाचा फोन तिच्या उशीखाली थरथरला. तिच्या आईने, माधवीने तो काढून मेसेज वाचला. ‘लक्षात आहे ना? पाच वाजता, काचीगुडा स्टेशन. एकटी ये. नाहीतर तुझा तो फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकतो.’

पावणेपाच झाले होते. तेरा वर्षांची रसिका ट्यूशनला म्हणून बाहेर पडली होती आणि फोन मुद्दाम घरी ठेवून गेली होती. लेक कुठे जाते ते दिसावं म्हणून माधवीनेच त्यात ॲप टाकलं होतं.

नल्लकुंट्याच्या कोपऱ्यावर तिने ऑटो थांबवली. “काचीगुडा स्टेशन, जल्दी चलो भय्या, माझी पोरगी...” आपण कुठल्या भाषेत बोलतोय याचं तिला भान नव्हतं. “रोओ नक्को अम्मा,” म्हणत ऑटोवाल्याने गाडी उलट्या बाजूने घातली. माधवीला डोळ्यांसमोर सारखी सुटत असलेली एक आगगाडी दिसत होती.

रसिका एक नंबरच्या प्लॅटफॉर्मवर, पाण्याच्या नळापाशी उभी होती. तिच्या खांद्यावर एका चाळिशीच्या माणसाचा हात होता.

माधवी जिवाच्या आकांताने ओरडली. माणसाने हात काढला आणि तो गर्दीत घुसला. पुलाच्या पायऱ्यांवर दोन हमालांनी त्याला धरलं.

माधवीने लेकीला छातीशी कवटाळलं. मग दोन्ही दंड धरून गदागदा हलवलं. “मला का नाही सांगितलंस? मी मेले होते का गं?”

रसिकाने आईच्या हातांतून दंड सोडवून घेतले.

रेल्वे पोलिसांच्या खोलीत महिला हवालदाराने माधवीने सोबत आणलेला रसिकाचा फोन मागून घेतला. पंधरा दिवसांच्या गप्पा सरकवत ती पहिल्या दिवसापर्यंत गेली. तिथे तो माणूस नव्हताच. चौदा वर्षांची ‘केतकी’ होती.

“ही केतकी म्हणजे तोच. दोन्ही खाती त्याच्याच फोनवर सापडली,” हवालदार म्हणाली आणि फोन माधवीपुढे धरला.

कुणीतरी घाणेरडे मेसेज पाठवतंय, मला भीती वाटते, असं रसिकाने केतकीला लिहिलं होतं.

‘आईला सांगितलंस?’

‘मागे एकदा सांगितलं, तर तिने मलाच मारलं. आता काहीही झालं तरी तिला सांगणार नाही.’

‘प्रॉमिस?’

‘प्रॉमिस.’

त्यानंतर दोनच मिनिटांनी त्याने दुसऱ्या खात्यावरून पहिल्यांदा फोटो मागितला होता.