भावकीतली रेघ

शंभूने पहार उचलली तेव्हा प्रभागांच्या सुनावणीला आलेले साहेब चहाचा घोट घेत होते. तो त्यांनी गिळलाच नाही. पहार कैलासच्या उजव्या हातावर बसली आणि वाळका बांबू पिचावा तसा आवाज झाला. बघणारे अजून शपथेवर सांगतात, की तो आवाज पार पिरंगुटपर्यंत गेला आणि भोंगा झाला समजून एका कारखान्याची पहिली पाळी डबे उचलून घरी निघाली.

कैलास गुडघ्यावर आला, पण पडला नाही. डाव्या हाताने त्याने लोखंडी खुर्ची फिरवली. ती शंभूच्या तोंडावर बसली. दोन दात उडाले, त्यातला एक साहेबांच्या बशीत पडला.

"तुझ्या बापानं बांध कोरला, आन् तू प्रभाग कोरतोय व्हय रं?" शंभूने रक्ताची गुळणी थुंकली.

"ह्याच प्रभागातनं येनार मी. तुझ्या मढ्यावर पाय दिऊन येनार."

मग दोन्हीकडची भावकी उठली. काठ्या चालल्या, खुर्च्या चालल्या, भिंतीवरचं घड्याळ चाललं. समाजमंदिराचा पंखा खाली आला तो तिघांना घेऊन. एकाचा कान फाटला, तर तो फाटका कान धरूनच त्याने पुढच्याला लाथ घातली.

जुईली टेबलाखाली होती. तिच्या शेजारी साहेब होते.

जुईली मूळची परभणीची. नोकरी हिंजवडीत, घर इथल्या सोसायटीच्या बी विंगमध्ये. ती त्या दिवशी एकच वाक्य बोलायला आली होती, 'आमची काही हरकत नाही.' कारण ग्रामपंचायतीच्या प्रभागांचा जो कच्चा आराखडा लागला होता, तो सोसायटीच्या नशिबाने लागला होता. कैलासची भावकी, शंभूची भावकी आणि सोसायटी, तिघंही एकाच प्रभागात. जागा एक. कैलासकडची मतं तीनशे, शंभूकडची तीनशे, सोसायटीची चारशे. दोघं चुलतभाऊ एकमेकांच्या उरावर बसणार आणि जुईली मधून निवडून येणार, हे पोरासोरांना कळत होतं. ती पंचायतीत बसली की नळाचा ठराव होणार होता. तोवर सोसायटी टँकरवर जगत होती. टँकर कैलासचे, विहीर शंभूची. दहा वर्षं दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. टँकर मात्र रोज भरत होते.

दुसऱ्या दिवशी कैलासची बायको रत्नाबाई बी विंगचे पाच जिने चढून आली. लिफ्टवर तिचा भरवसा नव्हता. तिने पिशवीतून नवऱ्याचा सदरा काढला. बाही रक्ताने कडक झाली होती.

"ताई, ह्ये दोगं एका प्रभागात ऱ्हायले तर निवडनुकीआधी येकाचं मयत निघंल," ती म्हणाली. "आमी सांगून कोन ऐकतंय? तुमी शिकल्याल्या. तुमी लिवून दिलं तर सायेब ऐकतील. तोडा म्हनावं त्यांला. येक हिकडं, येक तिकडं."

"वहिनी, रडू नका. मी बघते."

त्या संध्याकाळी जुईली दारोदार फिरली. दोन्ही विंगांनी सह्या दिल्या. सही न देणारा एकच निघाला, तिचा नवरा निषाद.

"त्या दोघांच्या वस्त्यांच्या मधोमध काय आहे, माहितीय ना?" तो म्हणाला. "आपण आहोत."

"निषाद, मी माणसाचं हाड कातडीबाहेर आलेलं बघितलंय. तू नाही बघितलंस."

त्याने सही केली.

साहेबांनाही हाड आठवत होतं. सोसायटीची हरकत त्यांनी मुकाट मान्य केली. दोन भावक्यांच्या मध्ये रेघ पडली. दोघांच्या बापांनी मिळून विकलेल्या जमिनीवर सोसायटी उभी होती, तेव्हा रेघ तिच्यातूनच गेली. घसरगुंडीच्या अलीकडून निघाली आणि जनरेटरच्या पलीकडे गेली. ए विंग कैलासच्या प्रभागात, बी विंग शंभूच्या. दोनशे इकडे, दोनशे तिकडे, आणि दोन्हीकडे समोर तीनशे.

पक्का आराखडा वाचला आणि जुईली तशीच चपला घालून निघाली. निवडणूक गेली तर गेली. पण ज्याचा जीव वाचवला, त्याच्याकडून नळाचा शब्द तरी घ्यायचा, असं तिने ठरवलं होतं.

कैलासच्या अंगणात बाज टाकलेली होती. कैलास बाजेवर, हात प्लास्टरमध्ये. आणि त्याच बाजेच्या कडेला शंभू बसला होता. तो मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करत होता आणि एकेक घास कैलासच्या तोंडात घालत होता.

"फुंकर मार की लेका, तोंड भाजतंय," कैलास म्हणाला.

"दात न्हाईत पुढचं. फुंकर हिकडं मारली की तिकडं जातीया."

दोघं हसले. कैलास तर प्लास्टर धरून हसला. रत्नाबाई रश्श्याचं पातेलं घेऊन बाहेर आली आणि जुईलीला बघून जागीच थांबली.

"या ताई," शंभूने सरकून जागा केली. "भाकरी खानार?"

जुईली उभीच राहिली.

"म्हणजे ते सगळं नाटक होतं? मग हात खरा कशाला मोडून घेतलात, दादा?"

कैलासने तोंडातला घास नीट चावून गिळला.

"तुमी शिकल्याली मानसं, ताई. खोट्या माराला सह्या दिल्या असत्या व्हय?"